तेरावी ओळ, एकविसावी नळी

आप्पा, आज सकाळी पुन्हा दोरा आला.

कंपनीच्या बसमध्ये डोळा लागला होता. भेस्तान मागे पडलं एवढंच आठवतं. मग मी कंडेन्सरच्या मागच्या बाजूला उभा होतो, घोट्याएवढ्या गाळात, आणि समोर नळ्यांची हजारो तोंडं. तिथे दिवा नव्हता, तरी सगळं दिसत होतं. त्यातल्या एका तोंडातून लाल दोरा हळूच बाहेर आला. टोकाला तुम्ही बांधायचात तसा कापसाचा बोळा. मग तीन हिसके बसले. पलीकडून तुम्ही ओढत होतात. मी उलट तीन हिसके द्यायचे, म्हणजे दोघांच्या हातात एकच नळी आहे हे पक्कं, एवढं मला स्वप्नातही माहीत होतं. पण हात उचलेचना. तुम्ही पुन्हा ओढलंत. तेवढ्यात शेजारचा म्हणाला, ‘‘संजूभाई, ऊठो, गेट आ गया.’’

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. पहिले चार दिवस मला तुमचा नुसता राग येत होता. काकूंना चहा टाक म्हणालात आणि चहा उकळायच्या आत निघून गेलात, ही काय पद्धत झाली? आयुष्यभर मला सांगत आलात की मशीन बंद करायचं तर सावकाश, एकदम खटकन बंद करू नये. आणि स्वतः काय केलंत?

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. काकूंनीच बजावलंय, त्यांना सांग म्हणून. सांगणारच आहे. पण सोळा वर्षं जी गोष्ट तोंडातून निघाली नाही ती एका दमात नाही निघायची, तेव्हा जरा फिरून येऊ द्या.

लिंबायतच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत कुणी पाहुणा आला आणि त्याने विचारलं, की भिकनआप्पा, तुम्ही वीजघरात नक्की करता काय, की तुम्ही खूश व्हायचात. मांडी ठोकून बसायचात. म्हणायचात, वाफ टर्बाईन फिरवून दमून येते. तिला गार करून पुन्हा पाणी करायचं आणि बॉयलरला परत पाठवायचं. त्यासाठी एक मोठा पेटारा, त्याचं नाव कंडेन्सर. नळ्यांच्या आतून खाडीचं खारं पाणी जातं, बाहेरून वाफ. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही, नुसती ऊब द्यायची नि घ्यायची. शेजारणीच्या चुलीनं आपली भिंत कोमट होते ना, तसं. आणि भिंतीला भोक पडलं की? पाहुणा विचारायचा. की मग बोंबला, तुम्ही म्हणायचात. खारं पाणी चोख पाण्यात जातं, तिथून बॉयलरमध्ये, आणि बॉयलर आतून कुरतडला जातो. ती फुटकी नळी शोधायची, दोन्ही तोंडांना बुचं ठोकायची. बस, एवढंच करतो आम्ही.

एवढंच! आठ हजार नळ्यांत एक, आणि तिचं भोक मोहरीएवढं.

तुम्ही ती शोधायचात साडीच्या प्लास्टिकने. पर्वत पाटियाच्या मार्केटात साड्या ज्या पातळ प्लास्टिकात गुंडाळतात ना, त्याचे गठ्ठे तुमच्या पिशवीत असायचे. मशीन अर्ध्या जोरावर चालू ठेवायचं, कंडेन्सरची एक बाजू रिकामी करायची, आत शिरायचं आणि ते प्लास्टिक नळ्यांच्या तोंडांवर चिकटवत जायचं. वाफेच्या बाजूला पोकळीची ओढ असते. फुटक्या नळीवर प्लास्टिक आत ओढलं जाऊन खळी पडायची. गालाला पडते तशी. ‘‘हसली रे हसली,’’ तुम्ही ओरडायचात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं म्हातारा गाळातल्या गॅसने भ्रमिष्ट झाला. आता तुम्ही नाही आहात तर सांगतो, ती खळी पडताना मलाही फार सुंदर दिसायची. मी कधी कबूल केलं नाही, एवढंच.

मागच्या बाजूला मी. माझ्याकडे अगरबत्ती. तुमचा नियम असा, की तुम्ही तुमच्या डावीकडून मोजून आकडा सांगणार. मी समोरासमोर उभा, म्हणून मी उजवीकडून मोजायचं. मोजलेल्या नळीपाशी अगरबत्ती धरायची. धूर आत ओढला गेला तरच बूच ठोकायचं. तुमचा आवाज त्या हजारो नळ्यांमधून एकदम यायचा. एकच माणूस हजार तोंडांनी बोलतोय असं वाटायचं. अजून कधीकधी दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळे मिटले की मला तो आवाज येतो, कुठून येतो कळत नाही.

आणि आपली भांडणं! नळ्या कशाने मरतात यावर आपण किती वर्षं भांडलो असू? मी म्हणायचो, धक्क्याने. मशीन गार असताना घाईघाईने चालू करतात, नळ्या ताणतात, सांधे सैल होतात, थरथरून आधाराच्या पत्र्यावर घासत राहतात. तुम्ही म्हणायचात, छे! शिंपला अडकतो, त्याच्या कडेने पाणी जोरात धावतं आणि नळी खरवडतं, ते एक. पण खरी मरते ती थांबलेल्या पाण्याने. मशीन बंद करून साहेब लोक घरी जातात, नळ्यांत पाणी तसंच. गाळ खाली बसतो, गाळाखाली नळी गुपचूप खाल्ली जाते. ‘‘चालती नळी मरत नाही संज्या, थांबलेली मरते.’’ परवाच्या होळीला तुमच्याकडे आलो तेव्हासुद्धा तेच. मी म्हणालो, आप्पा, आता जमाना बदलला, दुपारी सगळीकडे उन्हाची वीज असते, म्हणून आपलं मशीन दुपारी खाली आणतात आणि संध्याकाळी धाडकन वर चढवतात, रोज. त्याने नळ्यांचा जीव जातो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘‘चहा घे.’’ हरायला आलात की तुम्हाला चहा आठवायचा. भलते हट्टी तुम्ही.

मी त्या दिवशी चहा प्यायलो आणि निघालो. सांगायला आलो होतो वेगळंच.

तर तो दिवस. वैशाखातली दुपार, कंडेन्सरच्या आत जीव उकडून निघत होता. तुम्ही पुढून ओरडलात, ‘‘हसली! तेरावी ओळ, एकविसावी!’’ मी मागे. माझी अगरबत्ती ओली होऊन विझली होती, काडेपेटीही दमट. बाहेर जाऊन दुसरी आणायची म्हणजे माणूस जेमतेम मावेल अशा त्या दारातून सरपटत बाहेर, पुन्हा सरपटत आत. जेवणाची वेळ टळून गेली होती, डोकं गरगरत होतं, आणि माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक, तापायला वेळ लागत नाही. मी एकवीस मोजलं आणि बूच लावलं.

‘‘धूर बघितला का रे?’’ तुमचा आवाज आला.

‘‘ओढतोय, ओढतोय!’’ मी ओरडलो आणि हातोडी मारली.

धूर नव्हताच, आप्पा. आणि मोजलं होतं डावीकडून.

पाणी सुधारलं नाही. साहेबांना वाटलं, दुसरी एखादी फुटली असेल. उन्हाळ्यात विजेची ओरड, मशीन बंद करायला कुणी तयार होईना. खारं पाणी जात राहिलं बॉयलरमध्ये. पुढे काही आठवड्यांनी बॉयलरची नळी फाटली, असा आवाज झाला की माझ्या हातातला डबा पडला. नशीब की तिथे त्या वेळी कुणी नव्हतं. सगळं बंद करून कंडेन्सर उघडला तेव्हा दिसलं की पुढचं बूच एका नळीत आणि मागचं भलत्याच नळीत. फुटकी नळी एका तोंडाने उघडीच राहिली होती.

साहेबांनी आपल्या दोघांना उभं केलं. कुणीतरी एकाने डावं-उजवं केलंय हे उघड होतं. मला विचारलं, तू कशावरून ठोकलंस? माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने राहिले होते. बायको पहिलटकरीण होती. मी म्हणालो, धूर ओढताना डोळ्यांनी बघितला, म्हणून ठोकलं.

तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. बराच वेळ. मग म्हणालात, ‘‘पोरगा धूर बघून ठोकतो म्हणतो, म्हणजे माझंच चुकलं. प्लास्टिक काढून मग मोजलं मी. तिथेच माझं डावं-उजवं झालं असणार.’’

साहेब घाईत होते. नक्की कुठली नळी फुटकी हे तपासत बसले नाहीत. दोन्ही नळ्यांना दोन्हीकडून बुचं ठोकायला सांगितली आणि विषय मिटवला. तुम्हाला कंडेन्सरवरून काढून हत्यारांच्या स्टोअरला बसवलं. तुमच्या जागी मी आलो.

आता माझं ऐका. त्या नजरेचा मी जो अर्थ लावला, त्यावर मी सोळा वर्षं जगलो. मला वाटलं, तुम्हाला कळलं. मला वाचवायला तुम्ही खोटं बोललात. देवमाणूस, मी मनात म्हणालो. स्टोअरच्या खिडकीत बसून तुम्ही तो दोऱ्याचा नियम काढलात, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. भावाच्या लूमच्या कारखान्यातून लाल दोऱ्याची रिळं आणायचात आणि खिडकीतून हातोडी मागणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर आधी रीळ ठेवायचात. ‘‘दोरा नेल्याशिवाय हातोडी नाही मिळायची.’’ दोऱ्याला कापसाचा बोळा बांधा, हवेने नळीतून फुंका, पलीकडचा तीन हिसके देईल, मग तुम्ही द्या, मग ठोका. पोरं हसायची. ‘‘आप्पा, पतंग उडवायचाय का?’’ उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, तर तुमची फारच चेष्टा व्हायची. पण सगळे न्यायचे, आणि तेव्हापासून आपल्याकडे एकही बूच चुकीच्या नळीत गेलेलं नाही.

मला रीळ देताना तुम्ही हसायचात. मला वाटायचं, हा दोरा माझ्यासाठी आहे. न बोलता शिकवताहेत. न बोलता माफ केलंय. मग बोलून कशाला ते सगळं उकरायचं? दर दिवाळीला तुमच्या पाया पडताना मी मनातल्या मनात माफी मागायचो आणि तुम्ही पाठीवर थाप मारायचात. झालं, फिटलं, असं समजून मी फराळाला बसायचो. इतकं सोपं करून ठेवलं होतं मी माझ्यापुरतं.

या वर्षी कंडेन्सरच्या सगळ्या नळ्या बदलायच्या ठरल्या. जुन्या उपसून बाहेर काढत होते, वाकलेल्या, काळवंडलेल्या, उसाच्या मोळ्यांसारख्या रचून ठेवत होते. मी दोन दिवस तिथून हललो नाही. कंत्राटदाराची माणसं कुजबुजायला लागली की साहेबाला भंगारात एवढा काय रस. मला दोनच नळ्या हव्या होत्या. माझी नळी आधी निघाली. तिचं एक तोंड बंद करून पाणी भरलं. एक थेंब गळला नाही. धडधाकट नळी होती, मी उगीच मारली होती तिला.

मग तुमची. तेरावी ओळ, तुमच्या डावीकडून एकविसावी. मधोमध, खालच्या अंगाला, जिथे गाळ बसतो अगदी तिथेच, आतून बाहेर खात आलेलं भोक. मोहरीएवढं. म्हणजे दोन्ही बाबतींत तुमचंच खरं, आप्पा. भोकाच्या दोन्ही बाजूंनी वीतभर तुकडा कापून घेतला, फडक्यात गुंडाळला, पिशवीत टाकला. होळीला तो तुकडा माझ्या पिशवीतच होता. तुमच्या पलंगाखाली ठेवली होती ती पिशवी. आणि मी उन्हाच्या विजेवर भांडत बसलो. पुढच्या रविवारी नक्की, असं म्हणत उठलो. असे किती रविवार गेले. शेवटचा ठरवला होता त्याच्या आधीच्या गुरुवारी तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर मी तुमच्या घरी गेलो. जिन्यात कुणाच्या तरी शिलाई मशीनची खडखड चालू होती. काकू एकट्याच साड्यांना टिकल्या चिकटवत बसल्या होत्या.

‘‘ये रे भाऊ, बस,’’ म्हणाल्या. पाणी दिलं. मी पिशवीतून तुकडा काढला तर म्हणाल्या, ‘‘हाई काय शे?’’

मी सांगण्याआधी त्याच बोलायला लागल्या. कुणीतरी ऐकायला मिळालं होतं ना. म्हणाल्या, ‘‘तुला एक विचारायचं होतं. तुमच्या त्या कंडेन्सरमध्ये यांच्या हातून काय झालं होतं रे? कधी धड बोलले नाहीत. पण तेव्हापासून मोजायचं म्हटलं की हात आखडायचा. दाण्याचे लाडू किती झाले बघा म्हटलं, तर म्हणायचे, तूच बघ, माझ्या मोजण्याचा भरवसा नाही. तीनदा डोळे तपासले. डॉक्टर म्हणतो, डोळे चांगले आहेत. विश्वास बसायचा नाही. खिडकीचे गज मोजत बसायचे. डावीकडून, मग उजवीकडून. पुन्हा डावीकडून. नात पाढे घेऊन आली तर तिला माझ्याकडे पाठवायचे.’’

‘‘आणि तो लाल दोरा?’’ मी विचारलं.

‘‘तो तर त्यांचा स्वतःवरचा राग होता. म्हणायचे, माझ्यासारखं डोळ्यांवर कुणी विसंबू नये.’’

आप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं.

तुम्ही मला वाचवलं नव्हतं. माफही केलं नव्हतं, कारण माफ करायला तुमच्याकडे काही नव्हतंच. साहेबांसमोर माझ्याकडे बघत होतात ते एवढंच ठरवायला, की हा पोरगा खोटं बोलेल का? आणि तुम्ही ठरवलंत की नाही बोलणार. माझ्यापेक्षा स्वतःला खोटं ठरवणं तुम्हाला सोपं गेलं. मी ज्याला तुमचा मोठेपणा समजून मिरवत होतो, ती तुमची जखम होती, आणि मी दर दिवाळीला येऊन तिच्याशेजारी बसून शंकरपाळे खात होतो.

मी काकूंना सगळं सांगितलं. विझलेली अगरबत्ती, डावीकडून मोजणं, साहेबांसमोरचं खोटं. तुकड्यावरचं भोक दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बोट तसंच राहू दिलं. मला वाटलं रडतील, शिव्या देतील. मी दोन्हीला तयार होतो. बाहेर भाजीवाला गुजरातीत ओरडत गेला. मग त्या उठल्या, तुकडा तुमच्या फोटोपुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

‘‘माले काय सांगस? त्यासले सांग.’’

मी तिथे उभा राहिलो तर तोंडातून शब्द फुटेना. फोटोत तुम्ही हसत होतात, तो आणखी एक त्रास. काकू म्हणाल्या, ‘‘आते घरी जाय. सांगितल्याशिवाय दारात येऊ नको.’’ निघताना माझ्या हातात एक रीळ कोंबलं. तुमचं शेवटचं, अर्धं वापरलेलं. रागाने दिलं की प्रेमाने, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

ते रीळ आज माझ्याकडे होतं. नव्या नळ्या बसवून झाल्यात. चमकतात. सगळी तोंडं सारखी, अजून कुणी हसलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच मागच्या बाजूने आत शिरलो. सकाळी स्वप्नात होतो तिथेच. गाळ नव्हता, बाकी सगळं तेच. तेरावी ओळ शोधली. या खेपेला उजवीकडून मोजलं. दोनदा मोजलं. दोऱ्याला बोळा बांधला, हवा सोडली, दोरा सरसरत आत गेला आणि पलीकडे टोक पडल्याचं हाताला कळलं. पलीकडे कुणी नव्हतं, हे मला ठाऊक आहे. मी वेडा नाही. तरी नळीला तोंड लावलं आणि बोललो. तेच इथे लिहितो, म्हणजे काकूंना वाचून दाखवता येईल.

आप्पा, मागच्या बाजूने संजू बोलतोय. धूर मी बघितला नव्हता. तुम्ही सांगितलेली नळीच फुटकी होती. तेरावी ओळ, एकविसावी. तुमचे डोळे बरोबर होते, तुमचं मोजणं बरोबर होतं, त्या दिवशीही आणि नंतरही. खिडकीला जितके गज मोजलेत तितकेच आहेत.

ओढा आता. मी धरलाय.